बंड्या, सुकटी आणि मागच्या पडवीतला कोबा : कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

कोकणातल्या आंजर्ल्याच्या आमच्या घराची मागची पडवी या उन्हाळ्यात उकरायची आहे. निसर्ग वादळात (३ जून २०२०) विहिरीकडचा माड पडवीवर आडवा झाला. पत्रे तेव्हाच बदलले, पण खालचा कोबा (सिमेंटची जमीन) त्या अंगाला खचला तो खचलाच. दर पावसाळ्यात पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं. यंदा कोबा काढून फरशी बसवायची असं ठरलंय.

त्याच कोब्यात तीन फूट बाय दोन फूट एवढ्या जागेत बंड्या आणि सुकटी या आमच्या दोन मांजरांची पावलं उमटलेली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये कोबा ओला असताना दोघं त्यावरून चालत गेली. बंड्या ऑगस्ट २०२३ मध्ये गेला, सुकटी गेल्या महिन्यात. आगरात (माडा-पोफळींच्या बागेत) गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून दोघांना शेजारी शेजारी पुरलंय. काम असं आहे: पावलांचा तो भाग अखंड उचलायचा आणि त्यांच्या जागेवर जांभ्याच्या चिऱ्यांचा कट्टा बांधून त्यावर बसवायचा. आणखी कुणाला असं काही वाचवायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवतेय.

५ फेब्रुवारी

जागा साफ केली. साधं पाणी आणि काथ्याचा ब्रश, बस. ॲसिड अजिबात वापरू नका, पावलांच्या कडा खाऊन टाकतं. दिवसा पावलं नीट दिसत नव्हती. रात्री दिवे घालवून टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा उजेड टाकला तेव्हा सगळी उठून दिसली. मग खडूने कडेची रेघ मारून घेतली आणि फोटो काढले.

मांजर चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच टाकतं. त्यामुळे चार पाय चालले तरी ठसे दोन पायांचे वाटतात, फक्त कडा दुहेरी असतात. नखं आत असतात, म्हणून कुत्र्यासारखे टोकांचे खड्डे नसतात. हे कळल्यावर त्या कोब्यावर काय झालं होतं ते वाचता यायला लागलं.

मोठी पावलं बंड्याची. तो विहिरीकडून आत आलाय, सरळ, न अडखळता. मध्यावर त्याचे चारही पाय वेगवेगळे उमटलेत, म्हणजे तो तिथे थांबलाय. पुढच्या दोन पायांची बोटं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेली आहेत. दाराकडून बारीक पावलं येतात ती सुकटीची. पहिल्या दोन पावलांनंतर घसरल्याची बोटभर लांब रेघ आहे. नंतर पावलं अगदी जवळ जवळ पडलीत, घाबरून टाकल्यासारखी. ती थेट बंड्यापाशी येऊन भिडतात. तिथून दोघांची पावलं बरोबरीने कडेपर्यंत जातात, ती भिंतीच्या बाजूने आणि तो ओल्या बाजूने. मध्ये अंतर चार बोटांचं. कुठेही एकाचं पाऊल दुसऱ्याच्या पावलावर नाही.

त्या दिवशी गवंडी ओरडला होता आणि थापीने सगळं सारखं करायला निघाला होता. सासूबाईंनी त्याला थांबवलं. "राहूदे रे, घरातलीच पावलं आहेत," म्हणाल्या.

९ फेब्रुवारी

गवंडी येऊन बघून गेला. हा वेगळा, वाडीतलाच. त्याने सांगितलं ते व्यवहाराने बरोबर होतं. "वयनी, अख्खा उचलाया जाल तर मोडंल. ह्याचं दोन तुकडं करू. मोठ्या मांजराचा येक, बारक्याचा येक. मधी काय हाय? नुसता कोबा."

हिशोब त्याच्याच बाजूने आहे. तीन बाय दोन फूट आणि सरासरी दोन इंच जाडी धरली तर एक घनफूट होतं, म्हणजे पासष्ट किलोच्या आसपास. एवढा पातळ, रुंद आणि आत लोखंड नसलेला तुकडा उचलणं जोखमीचंच. पण मला जे ठेवायचंय ते त्या चार बोटांत आहे. बंड्याचं एकट्याचं किंवा सुकटीचं एकटीचं पाऊल मिळून मला काय करायचंय? ह्यांना विचारलं, तेही अखंडच म्हणाले. इथून पुढचा सगळा खर्च आणि वेळ या एका निर्णयामुळे गेला, ते आधीच सांगते. ज्यांना तुकडे चालणार असतील त्यांचं काम दोन दिवसांत होईल.

१६ फेब्रुवारी

पावलांना हात लावायच्या आधी खचलेल्या कोपऱ्यात एक फूट चौरसाचा नमुना कापून बघितला. चार इंची ग्राइंडर, डायमंड ब्लेड, बाजूने पाण्याची बारीक धार. कापणं सोपं गेलं. खालून पहार घालून उचलताना मात्र तीन तुकडे झाले.

तुकडे उलटे करून बघितल्यावर कारण कळलं. कोब्याची जाडी एका बाजूला दीड इंच, दुसऱ्या बाजूला सव्वादोन. खाली जांभ्याच्या कपऱ्यांचं (तुकड्यांचं) सोलिंग, म्हणजे भरावाचा थर आहे आणि सिमेंट त्या कपऱ्यांच्या भोकांत उतरून घट्ट धरून बसलंय. वरून कितीही नाजूक हाताने उचला, तो खालून सुटणारच नाही. म्हणजे आधी बाजूला चर खणून खालची माती नि कपऱ्या काढायच्या, कोबा अधांतरी करायचा आणि तोपर्यंत वरून त्याला आधार द्यायचा.

१ मार्च

वरचा आधार. पावलांच्या खड्ड्यांत ओला वर्तमानपत्राचा कागद बसवला आणि त्यावर शाडू माती दाबून सपाट केलं. शाडू गावातल्या गणपतीच्या कारखान्यातून मिळाली. त्यावर मैद्याची खळ लावून जुन्या सुती लुगड्याचे दोन थर. खळ सासूबाईंनी शिजवली, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. मोरचूद विषारी असतं, तो टोप नंतर स्वयंपाकाला घेऊ नका. लुगडंही त्यांचंच. सुकटी ज्याच्या निऱ्यांत झोपायची ते.

सकाळी बघते तर कापड सगळीकडून सुटलेलं. खाऱ्या वाऱ्याने रात्रभर ओल धरली आणि खळ वाळलीच नाही. पुन्हा केलं, यावेळी खळ पातळ, एकेक थर आणि पंखा लावून. दुपारच्या उन्हात दार उघडं, संध्याकाळी वारा फिरला की बंद. तिसऱ्या दिवशी कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणून बसलं.

१० मार्च

शिमग्यासाठी काम थांबलं. गवंडी, गडी सगळे पालखीत. शिमग्याच्या दिवसांत कोकणात कुठलंही बांधकाम धरू नका, धरलंत तर हा काळ सोडूनच दिवस मोजा.

२७ मार्च

चर खणून झाला. कडा कापल्या, पावलांपासून सगळीकडे थोडी जागा सोडून. खालच्या कपऱ्या पातळ छिन्नीने आणि हॅक्सॉ ब्लेडने एकेक काढल्या. पोटावर झोपून करायचं काम आहे आणि घाईचं नाही. जसजशी जागा मोकळी झाली तसतशा सुपारीच्या रिपा (खोडाच्या फाडलेल्या लांब पट्ट्या) आत सरकवत गेलो. निसर्गमध्ये पडलेल्या पोफळींच्या रिपा मांगरात (आगरातल्या खोपीत) होत्याच. सरळ, चिवट, आणि फाडलेल्या असल्या तरी गुळगुळीत, त्यामुळे सरकतात छान.

वरून प्लायवूड, खालून रिपा, आणि दोन्ही सुंभाने आवळून बांधलं.

२ एप्रिल

उचललं. चार माणसं लागली. निसर्गच्या माडाने पडलेली जुनी बारीक चीर एका कोपऱ्यापर्यंत आली होती, तिथे कोपरा सुटला आणि त्याबरोबर बंड्याचं सुरुवातीचं एक पाऊल. कापडाला चिकटलेला असल्याने खाली पडला नाही. बाकी सगळं अखंड. गवंडी माझ्याकडे बघून म्हणाला, "वयनी, आलं." त्याच्या आवाजात मलाच काय, त्यालाही विश्वास बसत नसल्याचं कळत होतं.

मांगरात उलटं करून ठेवलं.

६ एप्रिल

पाठीमागचा भाग तासून सारखा केला आणि सव्वा इंची कडाप्पा एपॉक्सीने चिकटवला. सळ्या घालून काँक्रीटची पाठ करावी असं सुचवलं गेलं होतं, ते आम्ही टाळलं. समुद्रापासून इतक्या जवळ लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. आमच्या पाण्याच्या टाकीच्या खांबांचं तेच झालंय. कडाप्प्याला गंज नाही.

एपॉक्सी एकदम कालवू नका. एप्रिलच्या उकाड्यात अर्धा किलोचा पहिला घाणा डब्यातच तापून धरला, तेवढे पैसे गेले. नंतर पहाटे, थोडं थोडं कालवून लावलं. सुटलेला कोपराही त्यातच जागेवर बसवला.

२० एप्रिल

काम बंद. रतांबे (कोकमाची फळं) पिकायला लागलेत. फोडणं, सोलं वाळवणं, आगळ काढणं, यात मे उजाडेल. वर्षाचं उत्पन्न यावर असल्याने इलाज नाही. हात थांबलेत, तर ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्याबद्दल लिहून ठेवते.

दोघंही दत्तक. बंड्या २०१३ मध्ये हर्णै बंदरातून आला. संध्याकाळच्या लिलावाच्या गर्दीत एका रिकाम्या मासळीच्या क्रेटमध्ये बसला होता, तांबडा, पोट खपाटीला गेलेलं. सुकटी दोन वर्षांनी आली. मासेवाली मावशी पाटी उतरवून सुकट मोजत होती, आणि पाटीतल्या फडक्याखालून हे राखाडी पट्ट्यांचं पिल्लू निघालं. "घे गो बाय, आईबिगर हाय, सुकटीसंगं ठेव," म्हणाली. म्हणून सुकटी.

बंड्याने दोन दिवस तिच्यावर फिस्कारून घेतलं. तिसऱ्या दिवशी माळ्यावर खोबऱ्याच्या पोत्यांत बघते तर ती त्याच्या पोटाशी शिरून त्याचा डावा कान चोखतेय. आईपासून फार लवकर तुटलेली पिल्लं असं करतात. मोठी झाली की बहुतेकांची सवय सुटते, तिची सुटली नाही. बंड्याच्या डाव्या कानाची कड कायम ओली असायची आणि टोकाचे केस गेलेले. तो ताकदीने तिच्या दुप्पट होता, एका पंजात तिला बाजूला करू शकला असता. डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून, तिला कान पुरेल असा पडून राहायचा.

निसर्गच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे माजघरात होतो. मागे माड पडला तेव्हा भिंत हलली. भाताच्या कणगीमागे बंड्या भिंतीला पाठ लावून बसला होता, आणि त्याच्या पुढच्या पायांमध्ये सुकटी. पत्रे उडत होते, कौलं फुटत होती आणि ती कान चोखत होती. वारा पडल्यावर तो आधी उठून दारापर्यंत गेला, वास घेतला, परत आला, आणि मग तिला घेऊन बाहेर पडला. कोब्यावरची पावलं बघितली की मला हे आठवतं. वादळाच्या साडेतीन वर्षांआधीही तो तसाच थांबला होता.

२०२३ च्या उन्हाळ्यात तो खूप पाणी प्यायला लागला आणि वाळत गेला. दापोलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं सांगितलं. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो, आणि मांजर दुखणं लपवतं म्हणून कळतो उशिरा. तुमचं मांजर एकाएकी जास्त पाणी पीत असेल तर थांबू नका. आणखी एक, त्या दिवसांत त्याचं अंग गरम लागलं तेव्हा कुणीतरी घरातली तापाची गोळी पाव करून द्यायला सांगत होतं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अगदी थोडंसुद्धा. हे ज्याच्या घरी मांजर आहे त्याने पाठ करून ठेवावं.

तो गेल्यावर सुकटी रोज रात्री माळ्यावर जाऊन पोत्यांमधून हाका मारायची. मांजराची नेहमीची हाक नव्हे ती. पिल्लाला बोलावताना मांजरीण जसा घशातून आवाज काढते तसा. पंधरवडाभर खाणं जेमतेम. मग एके दिवशी ती गोणपाटाची कड चोखताना दिसली. पुढचं जवळजवळ दीड वर्ष तेच गोणपाट होतं. ते तिच्याबरोबरच दिलं.

१० मे

पुन्हा सुरुवात. पाया.

इथली जमीन पुळण, म्हणजे नुसती रेती. बंड्याला ऑगस्टच्या पावसात पुरताना आगराच्या मधल्या भागात तीन फुटांवरच पाणी लागलं होतं आणि खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या. म्हणून गडग्याजवळची उंच जागा घेतली. कुणावर ही वेळ आली तर: विहिरीपासून लांब, उंच जागा बघा. खड्डा तीन फुटांहून कमी नको. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक नको. वर माती भरून जड चिरे ठेवा, नाहीतर रेती उकरायला कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना वेळ लागत नाही. आम्ही खुणेसाठी जुन्या जात्याची तळी ठेवली होती, म्हणून जागा अचूक सापडली.

दोघांच्या जागेला धक्का लावायचा नव्हता. त्यामुळे सलग पाया न घेता दोन्ही टोकांना दीड दीड फूट खणून कपऱ्या भरल्या आणि भरपूर पाणी सोडलं. रेती पाण्यानेच बसते, धुमसाने नाही. दोन बाजूंना दोन ओटे, मधली जमीन मोकळी, आणि कडाप्प्यासकट तो कोबा वर आडवा, अशी रचना.

१४ मे

चिरे आले, चोवीस नग. त्यातले सात बाद. आत पिवळ्या मातीच्या शिरा होत्या, हाताने दाबलं तर भुगा. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो हे खरं, पण पिवळी शीर कधीच कठीण होत नाही. विकणाऱ्याने बदलून द्यायला नकार दिला. चिरा उतरवून घेण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघावा, शीर लगेच दिसते. तेवढे चिरे जुन्या गडग्यातले काढून भरले, आणि ते जास्त चांगले निघाले.

मालासाठी क्रश सँड आणली. पुळण दारातच आहे म्हणून ती वापरायचा मोह होतो, पण तिच्यात मीठ असतं आणि वर्षभरात लोणा फुटतो, म्हणजे वर पांढरं मीठ येतं.

१९ मे

ओटे दोन्ही उभे राहिले. पाणसळीत बरोबर, ओळंब्यात बरोबर. आठ दिवस पाणी मारून मग कोबा चढवायचा होता.

२१ मे

कालपासून पाऊस. मिरगाला अजून पंधरवडा असताना असा धो धो पाऊस. दर्जांमधला (चिऱ्यांच्या सांध्यांमधला) ओला माल वाहून गेला. ओट्यांवर ताडपत्री टाकली, वाऱ्याने उडाली, मग माडाच्या झावळांचे झाप विणून वर चिरे ठेवले. झाप टिकले.

२६ मे

पाऊस अजून चालूच. आज मान्सून मुंबईलाही पोहोचल्याची बातमी आहे, गेल्या पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो तिथे आला नव्हता. मेअखेरपर्यंत काम उरकेल अशा हिशोबाने चालणाऱ्या कोकणातल्या सगळ्यांचंच यंदा असं झालंय. फरशीचं कामही अर्धवट.

१ जून

दोन दिवस उघडीप. दर्जा पुन्हा भरल्या आणि लगेच कोबा चढवला. आता कडाप्प्यासकट वजन शंभर किलोच्या वर. बांबूंना बांधून सहा जणांनी आणला. पाणी निथळायला गडग्याकडे अर्धा इंच उतार दिला.

मग कोमट पाण्याने खळ भिजवून कापड सोडवलं. शाडू मऊ ब्रशने काढली, कागद निघाला. घसरल्याची रेघसुद्धा जशीच्या तशी आहे. कोपऱ्यातल्या सांध्याची रेषा दिसते, ती लपवायला सिमेंट फासू नका असं गवंड्याला सांगितलं. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग बोटाने मधली जागा मोजली आणि काही बोलला नाही.

१५ जून

पावलांत पाणी साचतं. शेवाळ धरू नये म्हणून पावसाळाभर वर झाप राहील. चार माणसं बसवून बघितली, ओटे खचलेले नाहीत.

भोवती काय लावायचं यावर घरात चर्चा झाली. कण्हेर नको, विषारी आहे आणि वाडीतली बाकी मांजरं तिथे येऊन बसतात. बकुळीचं रोप गडग्याच्या पलीकडे लावलंय. खोकली मात्र आपोआप उगवली, पावसाळ्यात कुठेही येते ते तण. ती उपटली की मुळाच्या वासाने मांजरं वेडी होतात, लोळतात, मूळ चघळतात. बंड्या उपटून आणायचा आणि दोघं त्यावर लोळायची. कट्ट्याभोवतीची खोकली काढायची नाही असं गड्याला बजावलंय.

खर्च: चिरे १२००, टेम्पो ८००, सिमेंट व क्रश सँड ९५०, कडाप्पा १४००, दोन ब्लेड ७००, एपॉक्सी ९००, मजुरी ६८००. एकूण १२,७५० रुपये. रिपा, बांबू, प्लायवूड घरचं.

राहिलंय ते नावांचं. जांभ्यावर अक्षरं कोरली तर त्याच्या भोकांमुळे टिकत नाहीत, त्यामुळे काळा दगड घ्यायचा आहे. पाथरवटाने दोन छोट्या पाट्यांचा भाव सांगितला. त्याला एकच पाटी सांगितली आहे, दोन्ही नावं एका ओळीत. गणपती झाले की करून देतो म्हणाला.